कौटुंबिक पार्श्वभूमी आणि माध्यमिक विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक : मराठी आत्मपर लेखनाच्या आधारे एका संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

कौटुंबिक पार्श्वभूमीचा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीवर परिणाम होतो, हे विधान शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना नवीन नाही. एम.एड.च्या लघुप्रबंधांपासून पीएच.डी.च्या प्रबंधांपर्यंत हा विषय सातत्याने हाताळला गेला आहे आणि त्याच्या मांडणीची एक रीतही ठरून गेली आहे. तालुक्यातील काही माध्यमिक शाळा निवडायच्या, नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचा न्यादर्श घ्यायचा, सामाजिक-आर्थिक दर्जाची मापनी भरून घ्यायची, वार्षिक परीक्षेतील गुणांशी तिचा सहसंबंध काढायचा, शून्य परिकल्पनेचा त्याग करायचा आणि अखेरीस पालकांनी पाल्यांकडे अधिक लक्ष द्यावे अशी शिफारस करायची. या रीतीने काढलेले निष्कर्ष बहुधा चुकीचे नसतात. प्रश्न त्यांच्या खरेपणाचा नसून त्यांच्या अपुरेपणाचा आहे.

‘पार्श्वभूमी’ हा शब्दच या अपुरेपणाला हातभार लावतो. रंगमंचावरील मागचा पडदा एकदा टांगला की प्रवेश संपेपर्यंत तो हलत नाही. विद्यार्थ्याचे घर असे स्थिर नसते. घरात कोणीतरी निर्णय घेत असते, कोणीतरी त्या निर्णयाला विरोध करत असते, कोणाच्या तरी श्रमावर दुसऱ्याचे शिक्षण उभे राहत असते आणि ऋतूनुसार या साऱ्याची घडी बदलत असते. मापनीत हे घर एका अंकात मावते. पण तो अंक घरात काय आहे हे सांगतो, घर काय करते हे सांगत नाही. प्रस्तुत लेखात मराठीतील तीन आत्मपर कृतींच्या आधारे या संकल्पनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या त्या कृती होत.

संकल्पनेची वाटचाल

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन अहवालापासून मानला जातो. सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासून जेम्स कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, शाळांच्या भौतिक साधनांतील फरकापेक्षा विद्यार्थ्यांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीतील फरकाशी संपादणुकीचा संबंध अधिक निकटचा आहे. या निष्कर्षाचा धक्का मोठा होता. कारण शाळा सुधारली की विषमता आपोआप कमी होईल या विश्वासालाच त्याने तडा दिला.

फ्रान्समध्ये पिएर बोर्द्यू आणि जाँ-क्लोद पासरों यांनी १९७० च्या ग्रंथात याच प्रश्नाला वेगळे वळण दिले. घरातून मिळालेली भाषा, अभिरुची व वागण्याची रीत यांना शाळा नकळत मान्यता देते आणि जे मूलतः घराचे दान आहे ते विद्यार्थ्याची गुणवत्ता म्हणून मोजते, असा त्यांच्या ‘सांस्कृतिक भांडवल’ या संकल्पनेचा आशय आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या मांडणीत दोष एकट्या घराकडे जात नाही. घर आणि शाळा यांच्यातील नात्याकडे ती बोट दाखवते.

तिसरा टप्पा विकसनशील देशांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. स्टीफन हेनमन व विल्यम लॉक्सले यांनी १९८३ मध्ये २९ देशांतील प्राथमिक स्तरावरील माहितीचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, देश जितका गरीब तितका संपादणुकीवर शाळा व शिक्षक यांचा प्रभाव अधिक आणि कौटुंबिक दर्जाचा प्रभाव कमी दिसतो. पुढे २००२ मध्ये बेकर, गोसलिंग व लटेंड्री यांनी नंतरच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांच्या आधारे हा फरक बराच पुसला गेल्याचे दाखवले. म्हणजेच कुटुंबाचा प्रभाव ही देशकालनिरपेक्ष अशी अचल राशी नाही. शालेय व्यवस्था जशी असेल तसे त्याचे स्वरूप बदलते. आपल्याकडील अनेक अभ्यासांत मात्र या चर्चेतील केवळ पहिला टप्पा उद्धृत होतो आणि पुढील दोन टप्पे प्रस्तावनेतच राहून जातात.

मापनी काय मोजते?

भारतात या कामासाठी दोन मापन्या विशेष रूढ आहेत. नागरी कुटुंबांसाठी कुप्पुस्वामी यांची मापनी कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि मासिक उत्पन्न या तीन घटकांवर आधारलेली आहे. ग्रामीण कुटुंबांसाठी उदय पारीक व जी. त्रिवेदी यांनी १९६४ मध्ये तयार केलेल्या मापनीत जात, व्यवसाय, शिक्षण, जमीन, सामाजिक सहभाग, घर, शेतीची शक्ती, वस्तुसंचय आणि कुटुंबाचे स्वरूप असे नऊ घटक आहेत. कुटुंबाचा स्तर ढोबळमानाने ठरवण्यासाठी या मापन्या उपयुक्त आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्या शैक्षणिक संपादणुकीचे कारण शोधण्यासाठी वापरल्या जातात तेव्हा तीन अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण कुटुंबप्रमुखाची. कुप्पुस्वामी मापनी प्रमुखाचे शिक्षण विचारते. घरात शिक्षणाची ओढ ज्या व्यक्तीला आहे ती व्यक्ती प्रमुख नसेल, तर तिची नोंद कोठेच होत नाही. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ग्रामीण मापनीत कामाच्या जनावरांना गुण मिळतात. जनावरे असणे हे संपन्नतेचे लक्षण खरेच. पण ती कोणीतरी चारावी लागतात, त्यांना पाणी दाखवावे लागते, शेणघाण काढावी लागते. हे काम ज्या घरात तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडे असते, त्या घरात दर्जाचे गुण वाढवणारी तीच गोष्ट अभ्यासाचे तास कमी करते. मापनीच्या दृष्टीने जे भांडवल, ते विद्यार्थ्याच्या दृष्टीने ओझे ठरू शकते. तिसरी अडचण एकाच घरातील फरकाची. बहीण व भाऊ यांचे आईवडील तेच, उत्पन्न तेच, घर तेच. मापनीवर दोघांचा अंक एकच येणार. तरीही भाऊ दहावीला बसतो आणि बहीण सातवीनंतर घरी थांबते, हे चित्र अनेक ठिकाणी दिसत आले आहे. या फरकाचे उत्तर ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ या एका अंकातून मिळणे शक्य नाही.

‘झोंबी’ : वेळेचा करार

‘झोंबी’ ही कोल्हापूर जिल्ह्यातील कागल येथील एका शेतकरी कुटुंबातील मुलाच्या शिक्षणासाठीच्या झगड्याची आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे. तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या कृतीची समीक्षा बहुतेकदा ग्रामीण जीवनाचे चित्रण, बोलीचा वापर आणि दारिद्र्याचे वास्तव या अंगांनी झाली आहे. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने ती वेगळ्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कारण घर नेमके कोणत्या मार्गाने शिक्षणावर परिणाम करते याचा इतका तपशीलवार आलेख क्वचितच आढळतो.

आनंदाची शाळा सुटते ती पैशाअभावी एवढेच म्हणणे पुरेसे नाही. वडिलांना, म्हणजे दादांना, शेतावर कामाला हात हवा आहे आणि मुलाने ते काम करावे हा निर्णय त्यांचा आहे. आईला मुलाने शिकावे असे वाटते. परंतु नवऱ्यापुढे हा विषय काढण्याची तिची प्राज्ञा नाही. म्हणून माय-लेक गावातील प्रतिष्ठित दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात आणि आपण आल्याचे दादांना कळू देऊ नये अशी विनंतीही करतात. दत्ताजीराव दादांना बोलावून खडसावतात आणि मग शाळेची परवानगी मिळते. ही परवानगी बिनशर्त नाही. सकाळी लवकर शेतावर जायचे, अकरापर्यंत काम करायचे आणि तेथूनच शाळा गाठायची. शाळा सुटल्यावर पुन्हा शेतावर येऊन गुरे चारायची. आणि ज्या दिवशी काम अधिक असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. दादांच्या या अटी म्हणजे मुलाच्या वेळेचा करार आहे.

या प्रसंगाचे विश्लेषण केले असता पार्श्वभूमीची तीन अंगे वेगळी होतात. मुलाच्या दिवसातील तासांवर हक्क कोणाचा, हे पहिले अंग. निर्णयाचा अधिकार कोणाकडे आणि इच्छा कोणाची, हे दुसरे. घराबाहेरील कोणत्या व्यक्तीचा शब्द घरात चालतो, हे तिसरे. यांपैकी एकही अंग उत्पन्नाच्या रकान्यात बसत नाही. दत्ताजीरावांच्या भेटीआधी आणि भेटीनंतर या कुटुंबाचे उत्पन्न, जमीन, जात व वडिलांचे शिक्षण यांत काडीचाही बदल झालेला नाही. मापनीवर दोन्ही वेळी अंक तोच पडला असता. बदलला तो करार, आणि त्यासरशी एका मुलाचे आयुष्य बदलले.

शाळेत परतल्यानंतरचा भागही तितकाच उद्बोधक आहे. आपल्यापेक्षा लहान मुलांच्या वर्गात बसण्याची लाज, अंगावरच्या कपड्यांची होणारी चेष्टा, यांमुळे मुलगा पहिल्या काही दिवसांतच खचू लागतो. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात त्याची उणीव येथे अमूर्त राहत नाही. ती कपड्यांच्या चेष्टेतून अंगाला झोंबते. पण याच शाळेत गणिताचे मंत्री मास्तर आहेत आणि मराठीचे सौंदलगेकर मास्तर आहेत. वर्गातील वसंत पाटील या हुशार मुलाचे पाहून आनंदा वह्या-पुस्तके नीट ठेवू लागतो, गणिते मन लावून सोडवू लागतो आणि हळूहळू शिक्षकांच्या नजरेत येतो. सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, अभिनयासह शिकवतात. त्या कविता आनंदा शेताला पाणी पाजताना आणि गुरे चारताना म्हणू लागतो. पूर्वी जे एकटेपण नकोसे वाटे ते आता हवेसे वाटते; कागद हाताशी नसला तर म्हशीच्या पाठीवर काटकीने किंवा दगडावर खड्याने ओळी लिहिल्या जातात. मास्तरांनी स्वतःच्या दारातील वेलीवर कविता केल्याचे कळते तेव्हा कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, ही जाणीव त्याला होते.

येथे शाळेने मुलाचे घर बदललेले नाही आणि त्याचे कष्टही कमी केलेले नाहीत. तिने त्या कष्टाच्या तासांत प्रवेश मिळवला. शिक्षकाने दिलेली गोष्ट इतकी जिवंत होती की ती शेताच्या पाटापर्यंत पोहोचली. कौटुंबिक पार्श्वभूमी प्रतिकूल असताना शाळा काय करू शकते, या प्रश्नाचे ‘झोंबी’ने दिलेले हे उत्तर कोणत्याही शिफारशीपेक्षा नेमके आहे.

‘उपरा’ आणि ‘आमचा बाप आन् आम्ही’ : क्रम उलटतो तेव्हा

‘झोंबी’तील कुटुंब कष्टकरी असले तरी गावात स्थिर आहे आणि शेती करणारे आहे. ‘उपरा’तील कैकाडी कुटुंबाला ती स्थिरताही नाही. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरायचे, टोपल्या विणून विकायच्या आणि पुन्हा पुढचे गाव गाठायचे, असा हा जगण्याचा क्रम. जमीन नाही, पक्के घर नाही, जातीच्या उतरंडीतही स्थान तळाशी. वर उल्लेखिलेल्या ग्रामीण मापनीवर हे कुटुंब ‘झोंबी’तील कुटुंबाच्या कितीतरी खाली येईल. त्या मापनीत जातीलाही चढत्या क्रमाने गुण आहेत, ही बाबही या संदर्भात विसरता येत नाही. तरीही येथे मुलाने शिकावे हा आग्रह खुद्द वडिलांचा आहे आणि विरोध जमातीकडून आहे. मुलाला शाळेत घालणे म्हणजे पिढीजात रीत मोडणे, आणि रीत मोडणाऱ्याला जातपंचायतीच्या रोषाला सामोरे जावे लागते. ‘झोंबी’त बाहेरचा माणूस मुलाच्या बाजूने घरात शिरतो. ‘उपरा’त बाहेरचा समूह घराच्या निर्णयाविरुद्ध उभा राहतो. दोन्ही ठिकाणी ‘कुटुंब’ हा स्वतंत्र घटक नाही. गाव, जात आणि पंचायत यांच्या ताणातून त्याचा निर्णय घडतो.

‘आमचा बाप आन् आम्ही’ या आत्मकथनात तिसरी शक्यता दिसते. गाव सोडून मुंबईत आलेला, मोलमजुरी करणारा, औपचारिक शिक्षणापासून जवळजवळ वंचित राहिलेला बाप आपल्या मुलांना उच्च शिक्षणापर्यंत नेतो. शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न या तिन्ही रकान्यांत या घराला अल्प गुण मिळाले असते. परंतु या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीची शिकवण पोहोचली होती. मुलांना शिकवणे ही केवळ कौटुंबिक महत्त्वाकांक्षा न राहता ते एक सामाजिक कर्तव्य झाले होते. पुस्तकी अर्थाने अशिक्षित असलेल्या बापाजवळ शिक्षणाविषयीची ही दृष्टी असणे, हेही एक प्रकारचे भांडवलच होय. ‘सामाजिक सहभाग’ या रकान्यात संस्थांच्या सदस्यत्वाची नोंद होऊ शकते. चळवळीने दिलेला आत्मसन्मान तेथे कसा नोंदवणार?

या तीन कृती एकत्र ठेवल्या असता मापनीवरील चढता क्रम आणि घराच्या शिक्षणविषयक भूमिकेचा क्रम जुळत नाहीत, हे स्पष्ट होते.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. आत्मकथने लिहितात ती शिकू शकलेली माणसे. ज्यांची शाळा कायमची सुटली त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. अशा निवडक उदाहरणांवरून सर्वसामान्य निष्कर्ष काढणे म्हणजे अपवादाला नियम ठरवणे होय. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच येथे या कृतींचा उपयोग पुरावा म्हणून केलेला नाही. गरिबीचा संपादणुकीवर परिणाम होत नाही, जिद्द असली की सारे जमते, असा अर्थ यांतून काढणे तर अनर्थकारकच ठरेल. वास्तविक या कृतींतून उलटच दिसते. एका मुलाला शाळेत टिकण्यासाठी किती योगायोग जुळून यावे लागले! आई धीट नसती, दत्ताजीरावांनी लक्ष घातले नसते, किंवा वर्गातील शिक्षक वेगळे असते, तर ‘झोंबी’ लिहिली गेली नसती.

संख्यात्मक अभ्यास किती मुलांच्या बाबतीत काय घडते ते सांगतो. साहित्यकृती ते कोणत्या वाटेने घडते ते दाखवते. पहिल्यावाचून दुसरे भाबडे ठरते, आणि दुसऱ्यावाचून पहिले आंधळे. आत्मपर लेखनाचे येथील कार्य संशोधकाला नवे प्रश्न सुचवणे एवढेच आहे, आणि ते लहान नाही.

आजचा संदर्भ

दादांच्या अटी आज इतिहासजमा झाल्या आहेत असे समजण्याचे कारण नाही. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. शिक्षणाच्या आड येणारी अडचण केवळ गरिबीची नसून पालकाच्या निर्णयाचीही आहे, हे त्या कायद्याने ओळखले होते. स्वतंत्र भारतात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. परंतु त्याची हमी ६ ते १४ या वयोगटापुरती व आठवीपर्यंतच आहे. माध्यमिक स्तराचा उंबरठा, म्हणजे नववी, तिच्या बाहेर राहतो. बालकामगारविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली आहे. शाळेपूर्वी अकरापर्यंत शेत आणि शाळेनंतर गुरे, या कराराचा अर्धाअधिक भाग आजच्या कायद्यालाही फारसा खटकणार नाही.

बीड व लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत, सुमारे पाच-सहा महिने, गावाबाहेर असतात. दहावीची परीक्षा येते ती याच हंगामात. आईवडील फडात असताना मुलगी आजीकडे राहून परीक्षा देणार, हंगामी वसतिगृहात राहणार, की धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत जाणार, या निर्णयावर तिची संपादणूक अवलंबून असते. जुलै महिन्यात भरून घेतलेली मापनी या कुटुंबाचे जे चित्र देईल ते जानेवारीत खरे उरणार नाही.

वसतिगृहांचे महत्त्वही येथेच कळते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. या दोघांनी कुटुंबांचे उत्पन्न वाढण्याची वाट पाहिली नाही. मुलाच्या वेळेवरचा घराचा ताबा सैल करून त्याला अभ्यासाचे तास मिळवून देणे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. ‘कमवा व शिका’ योजनेत श्रम होतेच. परंतु ते शिक्षणाच्या वेळापत्रकात बसवलेले होते.

निष्कर्ष

१) ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हा एकजिनसी चल नाही. घरातील साधने, मुलाच्या वेळेवरील हक्क, निर्णयाचा अधिकार आणि घराबाहेरील सामाजिक दबाव वा आधार हे तिचे वेगवेगळे घटक असून ते परस्परविरोधी दिशांनीही कार्य करू शकतात.

२) माध्यमिक स्तरावरील अभ्यासांत सामाजिक-आर्थिक मापनीच्या जोडीला विद्यार्थ्याच्या दैनंदिन वेळेची नोंद, आईचे शिक्षण व इच्छा, भावंडांमधील शैक्षणिक अंतर आणि हंगामी स्थलांतर यांची माहिती घेणे आवश्यक आहे. यासाठी मोठ्या न्यादर्शाची नव्हे, तर विद्यार्थ्याशी व त्याच्या आईशी सविस्तर मुलाखतीची गरज आहे.

३) पालकांनी लक्ष द्यावे ही शिफारस ज्यांच्याजवळ वेळ व अधिकार आहे त्यांनाच लागू पडते. ज्या आईला घरात बोलण्याची मुभा नाही, तिला ही शिफारस निरर्थक आहे.

४) कौटुंबिक प्रभाव मोठा आहे याचा अर्थ शाळेचा प्रभाव नगण्य आहे असा होत नाही.

समारोप

या साऱ्या विवेचनामागे एक व्यावहारिक चिंता आहे. ‘घरचे वातावरणच तसे’ हे वाक्य शिक्षककक्षात सहज उच्चारले जाते आणि आपले संशोधन अनवधानाने त्या वाक्याला शास्त्रीय आधार पुरवते. सहसंबंधाचा अंक विद्यार्थ्याच्या अपयशाचे स्पष्टीकरण म्हणून वापरला गेला की शिक्षकाची जबाबदारी तेथेच संपते. दादा, दत्ताजीराव आणि सौंदलगेकर मास्तर हे तिघे एकाच मुलाच्या आयुष्यात होते. पहिल्याची नोंद मापनीत होते, दुसऱ्याची व तिसऱ्याची होत नाही. आपल्या महाविद्यालयांतून बी.एड. व एम.एड. होऊन जे विद्यार्थी उद्या माध्यमिक शाळांत रुजू होणार आहेत, त्यांना पहिल्याची आकडेवारी शिकवताना उरलेल्या दोघांची जागा रिकामी का राहते, हा प्रश्नही शिकवला पाहिजे. ती जागा भरणे हेच त्यांचे काम आहे.